आधी जागा, मग सूर

लघुपटाचं चित्रीकरण आटोपतं, संकलनाचा कच्चा आराखडा तयार होतो, महोत्सवाची शेवटची तारीख तोंडावर येते आणि मग कुणाच्या तरी लक्षात येतं की 'बीजीएम'चं, म्हणजे पार्श्वसंगीताचं, राहिलंच. रात्री लॅपटॉपवर शोधाशोध सुरू होते. 'सॅड पियानो', 'इमोशनल फ्लूट', 'इंडियन व्हिलेज' असे शब्द टाकायचे, पंधरा-वीस तुकडे ऐकायचे, त्यातला बरा वाटेल तो टाइमलाइनवर ओढायचा आणि दृश्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरून टाकायचा. दहा मिनिटांच्या फिल्ममध्ये मग आठ मिनिटं पियानो वाजत राहतो. तुकडा वाईट नसतो, फिल्मही वाईट नसते, पण दोघांची एकमेकांशी ओळखच झालेली नसते.

'कुठलं संगीत?' हा प्रश्न अशा वेळी पहिला विचारला जातो. खरं तर त्याचा नंबर तिसरा. पहिला प्रश्न 'कुठे?' आणि दुसरा 'कशासाठी?' या दोहोंची उत्तरं मिळाली की शोधून काढलेल्या तुकड्यांपैकी बहुतेक आपसूक बाद होतात. चित्रपटकर्त्यांनी आजवर काय करून पाहिलं, अभ्यासकांना काय आढळलं आणि कायदा काय म्हणतो, हे सगळं एकत्र पाहिलं की हा क्रम पुन्हापुन्हा समोर येतो.

मूड पाहून तुकडा

भावनेचं नाव टाकून संगीत शोधायची सवय इंटरनेटने लावलेली नाही. ती शंभर वर्षं जुनी आहे. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला तेव्हा सिनेमा मुका होता, पण थिएटर मुकं नव्हतं. पेटी-तबला घेऊन वादक पडद्याजवळ बसत आणि दृश्य पाहून वाजवत. अमेरिकेत १९२४ साली अर्नो रॅपी या संगीत-संचालकाने 'मोशन पिक्चर मूड्स' नावाचं जाडजूड पुस्तकच काढलं. त्यात बावन्न प्रकारच्या भावनांसाठी आणि प्रसंगांसाठी पियानोचे तुकडे होते, आणि प्रत्येक पानाच्या समासात यादी छापलेली होती: लढाई, पाठलाग, अंत्ययात्रा, अंगाई, वादळ, आणि शेजारी पानाचा आकडा. दृश्य बदललं की वादकाने समासात नजर टाकायची आणि पान उलटायचं.

आजच्या संगीत-संग्रहांमधले 'मूड' आणि 'जॉनर'चे रकाने म्हणजे रॅपीचा समासच. फरक एवढाच, की तो वादक पडदा पाहत वाजवत होता. नायिकेने दार उघडलं की त्याचे हात थबकायचे. डाउनलोड केलेला तुकडा दाराकडे पाहत नाही. तो आपल्या चालीने सुरू होतो, आपल्या चालीने चढतो आणि कोणत्या तरी सेकंदाला, दृश्यात काहीच घडत नसताना, कळसाला पोचतो.

चाळीस सेकंदांचा स्टँड

संगीत प्रेक्षकाचं मत किती फिरवतं, याचा एक नेटका प्रयोग १९८८ साली सँड्रा मार्शल आणि ॲनाबेल कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला. त्यांनी घेतलेली फिल्म १९४४ सालची, हायडर आणि सिमेल यांनी बनवलेली. तिच्यात माणसं नाहीतच. एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण आणि एक वर्तुळ इकडून तिकडे सरकतात. हीच फिल्म वेगवेगळ्या संगीतासह दाखवली, तेव्हा हे आकार किती चपळ आणि किती जोरकस वाटतात याबद्दलचं प्रेक्षकांचं मत बदललं. निर्जीव त्रिकोणाची ही कथा, तर जिवंत चेहऱ्याचं काय होत असेल?

एक दृश्य कल्पून पाहू. तालुक्याच्या एसटी स्टँडवर बाकावर आजोबा बसलेत. मांडीवर पिशवी. मुंबईची गाडी फलाटाला लागते, माणसं चढतात, आजोबा उठत नाहीत. कंडक्टर दोनदा घंटी मारतो, गाडी निघून जाते. चाळीस सेकंदांचा एकच शॉट. याखाली बासरीचा संथ आलाप घातला की आजोबा एकटे, बिचारे, बहुधा मुलाने टाकलेले. तबल्याची हलकी चलती घातली की आजोबा काहीतरी मिश्कील बेत करून बसलेत. खर्जातला एकच सूर लांबवला की पिशवीत काय आहे याची धास्ती. काहीच घातलं नाही, फक्त स्टँडवरची उद्घोषणा, इंजिनाची घरघर आणि शेंगदाणेवाल्याची हाळी ठेवली, तर प्रेक्षक आजोबांचे हात पाहू लागतो. पिशवीच्या बंदावर त्यांची बोटं घट्ट होतात ते तेव्हाच दिसतं.

चारही रूपं चालतील. पण यातलं एक दिग्दर्शकाच्या गोष्टीचं आहे आणि बाकीची तीन दुसऱ्याच गोष्टींची. संगीत शोधायला बसण्याआधी ठरवायचं ते हे. शिवाय पाचवी शक्यता उरतेच: पूर्ण शॉट कोरडा ठेवायचा, आणि गाडी निघून गेल्यावर, रिकाम्या फलाटावर, पहिला सूर लावायचा. तेव्हा संगीत आजोबांच्या निर्णयानंतर येतं, त्यांचा निर्णय आधीच फोडत नाही. सूर तोच, पण चाळीस सेकंद उशिरा लागल्याने त्याचा अर्थ पालटतो.

संगीताविना

काहींनी पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'कुठेच नाही' असं दिलं, आणि ते मराठीला नवं नाही. 'प्रभात'च्या 'कुंकू'मध्ये (१९३७) व्ही. शांताराम यांनी वाद्यवृंदाचं रूढ पार्श्वसंगीत बाजूला ठेवून घरातल्या, भोवतालच्या आवाजांवर भिस्त ठेवली. जरठ-कुमारी विवाहाच्या त्या गोष्टीत भिंतीवरचं घड्याळ नुसतं वेळ दाखवत नाही. हिचकॉकच्या 'द बर्ड्स'मध्ये (१९६३) रूढ अर्थाचं संगीत नाही. इलेक्ट्रॉनिक यंत्रावर घडवलेले पक्ष्यांचे आवाज तिथे संगीताचं काम करतात. चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'मध्ये (२०१४) संगीत मुख्यतः ऐकू येतं ते लोकशाहिराच्या कार्यक्रमात, संभाजी भगत यांच्या रचनांमधून. कोर्टाच्या खोलीत पंखा, कागद आणि वकिलांची एकसुरी इंग्रजी-मराठी पुरेशी पडते.

लघुपटासाठी ही वाट खास मोलाची आहे, पण ती फुकटची नाही. संगीत काढलं की ध्वनीवरचा भार वाढतो. चित्रीकरणाच्या जागेवर जाऊन तिथला नुसता आवाज दोन-तीन मिनिटं वेगळा नोंदवावा लागतो. पावलं, भांडी, दारं स्वतंत्र मुद्रित करावी लागतात. उमेश कुलकर्णीने पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपटसंस्थेत असताना केलेला 'गिरणी' हा लघुपट आठवावा. घरात पिठाची गिरणी येते आणि तिच्या घरघरीत एका लहान मुलाचं जग हळूहळू दबत जातं. अशा गोष्टीत गिरणीचा आवाज हाच मुख्य सूर. त्याच्यावर व्हायोलिन चढवणं म्हणजे मुलाचं म्हणणं मध्येच तोडणं.

गोष्टीतलंच वाद्य

दुसरी वाट म्हणजे संगीत पात्रांच्या जगातच ठेवायचं. कुणीतरी रेडिओ लावलेला, शेजारी लग्नाचा बँड, मंदिरात भजन. या वाटेचा लघुपटातला नमुना म्हणजे सत्यजित राय यांचा 'टू' (१९६४). सुमारे पंधरा मिनिटांचा, संवाद एकही नाही. मोठ्या घरात खेळण्यांच्या ढिगात एकटा मुलगा. खिडकीबाहेर झोपडीतला मुलगा बासरी वाजवतोय. घरातला मुलगा खेळण्यातली तुतारी आणून ती बासरी दडपतो. बाहेरचा ढोलकं आणतो, आतला चावीचं माकड सोडतो. पतंग उडतो तेव्हा छऱ्याची बंदूक निघते. शेवटी आतली सगळी यंत्रं एकदम गजर करत असतात आणि तरी बाहेरून बासरी ऐकू येते. संगीतही राय यांचंच.

इथे बासरी 'गरिबीचं संगीत' म्हणून वरून शिंपडलेली नाही. ती एका मुलाच्या हातात आहे, तिला उत्तर दिलं जातं, ती हरते आणि पुन्हा येते. कथा लिहितानाच संगीत ठरलं की असं होतं. म्हणून पटकथेच्या टप्प्यावर एकदा स्वतःला विचारावं: या गोष्टीत कुणाच्या हातात, खिशात, घरात काही वाजतं का? शाळेची घंटा, मोबाइलची रिंगटोन, आजीची जात्यावरची ओवी, पोतराजाचा डफ. असं काही असेल तर निम्मं काम झालं. नागराज मंजुळेच्या 'फँड्री'मध्ये (२०१३) जब्या या मुलाला हलगी वाजवायची असते. त्यामुळे हलगीचा ठेका त्या चित्रपटात गावरान वातावरणाची फोडणी म्हणून येत नाही, जब्याच्या इच्छेसोबत येतो.

जिथे आवाज थांबतो

तिसरी वाट भाष्याची. पडद्यावर जे दिसतं त्यापलीकडचं संगीताने सांगायचं. भारतीय सिनेमातलं याचं बहुधा सर्वांत प्रसिद्ध उदाहरण राय यांच्याच 'पथेर पांचाली'त (१९५५) आहे. हरिहर बऱ्याच दिवसांनी घरी येतो, आणलेल्या वस्तू बायकोला, सर्वजयेला, दाखवू लागतो, मुलीसाठी, दुर्गेसाठी, आणलेली साडी पुढे करतो. दुर्गा गेलीय हे त्याला ठाऊक नाही. सर्वजयेचा बांध फुटतो. तिचं तोंड उघडलेलं दिसतं, पण आक्रोश ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाईचा चढा सूर येतो. राय यांनी रडण्याच्या आवाजावर संगीत ठेवलं नाही, तो आवाज काढून त्याच्या जागी संगीत बसवलं. आवाज आणि वाद्य दोन्ही ठेवली असती तर मेलोड्रामा झाला असता.

हे संगीत रविशंकर यांनी पुरता चित्रपट न पाहता, सुमारे अकरा तासांच्या एकाच बैठकीत मुद्रित केलं. काही जागा उरल्या, तेव्हा छायालेखक सुब्रत मित्र यांनीही सतार वाजवली. ज्यांना वाटतं की पैसा आणि वेळ असता तर संगीत चांगलं झालं असतं, त्यांनी ही बैठक ध्यानात ठेवावी. मोजके वादक, थोडा वेळ, पण कुठे काय हवं याबद्दल दिग्दर्शकाची स्पष्टता. पुढे 'तीन कन्या'पासून (१९६१) राय आपल्या चित्रपटांना स्वतःच संगीत देऊ लागले.

चौथी वाट विरोधाची. आयझेन्स्टाइन, पुदोव्किन आणि अलेक्झांद्रोव या सोव्हिएत दिग्दर्शकांनी १९२८ सालीच बजावलं होतं की ध्वनीने चित्राची री ओढू नये, त्याच्या विरोधात उभं राहावं. रडत्या माणसामागे शेजारच्या वरातीचं गाणं ठेवलं की दुःख अधिक बोचतं, कारण जगाला त्याची पर्वा नाही हे कळतं. ही युक्ती परिणामकारक आहे, म्हणूनच ती एका लघुपटात एकदाच वापरावी.

ठरलेली वाद्यं

वाद्य निवडताना त्याच्या मागे चिकटलेल्या आठवणीही येतात. मोठा नेता गेला की आकाशवाणीवर सारंगी लागायची. एका पिढीसाठी सारंगी म्हणजे सुतक. तुतारी ऐकली की महाराज, संबळ ऐकला की गोंधळ, ढोलकी ऐकली की फड, बासरी ऐकली की हिरवं शेत. हे संकेत टाकाऊ नाहीत. तीन सेकंदांत स्थळ-काळ सांगायला त्यांच्याइतकं स्वस्त साधन दुसरं नाही. पण चित्रात शेत दिसतंच आहे, तर बासरीने तेच पुन्हा सांगून काय साधलं? तेच वाद्य अनपेक्षित जागी नेलं तर बोलतं. कॉर्पोरेट ऑफिसच्या लिफ्टमध्ये संबळाचे दोन ठोके, आणि तिथल्या माणसाचं गाव पडद्यावर न दाखवताही येतं.

दहा-पंधरा मिनिटांच्या फिल्मला एक वाद्य आणि एक धून सहसा पुरते. ती पहिल्यांदा अर्धीच यावी, शेवटी पूर्ण व्हावी, किंवा उलट. पाच वेगवेगळ्या पॅकमधून उचललेले पाच तुकडे जोडले की प्रेक्षकाला पाच फिल्म पाहिल्यासारखं होतं. चित्रपटसंगीताचे जाणते भास्कर चंदावरकर यांनी एफटीआयआयमध्ये अनेक वर्षं संगीत शिकवलं, ते भावी दिग्दर्शकांना आणि संकलकांना. म्हणजे दिग्दर्शकाला वाजवता आलं नाही तरी चालेल, ऐकता आलं पाहिजे.

तात्पुरत्याचा मोह

संकलन करताना लय मिळावी म्हणून कुठल्या तरी प्रसिद्ध चित्रपटाचा तुकडा तात्पुरता लावला जातो. त्याला सगळे 'टेम्प' म्हणतात. तीन आठवडे तो ऐकून ऐकून कान असे बसतात की दुसरं काही गोड लागत नाही. मग संगीतकाराला सांगितलं जातं, 'असंच दे, पण वेगळं.' स्टॅनली कुब्रिकसारखा दिग्दर्शकही यातून सुटला नाही. '२००१: अ स्पेस ओडिसी'साठी (१९६८) त्याने ॲलेक्स नॉर्थ यांच्याकडून संगीत करून घेतलं आणि शेवटी तात्पुरत्या लावलेल्या अभिजात रचनांचीच वाट धरली. नॉर्थ यांना आपलं संगीत वगळल्याचं फिल्म पाहतानाच कळलं. कुब्रिकच्या पाठीशी हक्क विकत घेणारा स्टुडिओ होता. आपल्या पाठीशी तो नसतो. त्यामुळे पहिला कच्चा आराखडा संगीताविना जोडावा. दृश्य संगीताशिवाय रेंगाळत असेल तर दोष संकलनाचा आहे आणि कात्रीनेच सुटेल.

कुणाचं संगीत?

आता तिसरा प्रश्न, आणि त्यासोबत कायदा. 'दहा सेकंद वापरलं तर चालतं', 'नाव दिलं की झालं', 'पैसे कमवत नाही ना' हे तिन्ही समज खोटे आहेत. भारतीय प्रताधिकार कायद्यात (१९५७) सेकंदांची कुठलीही सूट नाही.

गाण्यात हक्कांचे थर असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. तुकोबांच्या अभंगाचं उदाहरण घ्या. शब्द सतराव्या शतकातले, सर्वांचे. पण विसाव्या शतकातल्या संगीतकाराने लावलेली चाल त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं संरक्षित असते. श्रीनिवास खळे २०११ साली गेले. त्यांच्या चाली २०७१ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. ध्वनिमुद्रणाची साठ वर्षं ते प्रसिद्ध झाल्यापासून मोजतात. म्हणजे १९६४ सालची तबकडी २०२४ संपल्यावर मोकळी झाली, पण तिच्यावरची चाल मोकळी झालीच असं नाही. 'आम्ही आमच्या गायिकेकडून गाऊन घेतलं' याने फक्त ध्वनिमुद्रणाचा थर सुटतो. तोच अभंग नव्या चालीत बांधून घेतला, तर सगळेच थर आपल्या हातात येतात. रागावर कुणाचीही मालकी नाही. सारंगीवाल्याकडून पटदीपचा ताजा आलाप मुद्रित करायला कुणाची परवानगी लागत नाही, त्याच्या स्वतःच्या परवानगीखेरीज.

'क्रिएटिव्ह कॉमन्स'चं संगीत फुकट मिळतं, पण तिथेही अक्षरं वाचावी लागतात. 'एनडी' म्हणजे बदल करायचा नाही, आणि या परवान्यांच्या व्याख्येनुसार संगीत हलत्या चित्राशी जुळवणं हाच बदल ठरतो. म्हणजे 'एनडी' तुकडा फिल्ममध्ये घालताच येत नाही. 'एसए' असेल तर फिल्मही त्याच परवान्याखाली खुली करावी लागते. 'एनसी'खाली धंद्यासाठी वापर नाही. उद्या फिल्म ओटीटीला विकायची तर अडचण. निव्वळ 'बीवाय' असेल तर श्रेयनामावलीत नाव दिलं की भागतं. वर्गणी घेऊन संगीत देणाऱ्या कंपन्यांचे परवानेही महोत्सव, यूट्यूब, जाहिरात असे वेगवेगळे असतात. परवान्याची प्रत फिल्मच्या फोल्डरमध्येच ठेवावी. यंत्राकडून संगीत बनवून घेण्याची नवी सोयही वादात सापडली. सुनो आणि युडिओ या सेवांवर मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी २०२४ साली अमेरिकेत दावे लावले. आणि कलेच्या अंगाने पाहिलं तर तिथेही 'सॅड फ्लूट' असंच टाइप करायचं असतं. म्हणजे गाडी पुन्हा रॅपीच्या समासात.

म्हणून माझा कौल जवळच्या वादकाला. गावात भजनी मंडळाचा मृदंगी असतो, कॉलेजात व्हायोलिन शिकणारी मुलगी असते. तिला फिल्म दाखवून दोन तास वाजवायला सांगितलं तर वर्षभर वर्गणी भरून मिळत नाही ते मिळतं: दार उघडल्यावर थांबणारे हात. मात्र मैत्रीतही कागद करावा, आणि मोबदला द्यावा. हक्क हस्तांतरित करताना किंवा परवाना देताना मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. परदेशी महोत्सवात निवड झाल्यावर हे कळलं तर धावपळ होते. त्यापेक्षा 'जगभर, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी' हे शब्द आधीच लिहून सही घ्यावी आणि श्रेय कसं द्यायचं तेही तिथेच ठरवावं.

शेवटचा हात

मिक्सिंगबद्दल थोडक्यात. संवाद स्पष्ट ऐकू येतो तो व्यंजनांमुळे, आणि त्यांची बरीचशी ओळख एक ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असते. वरच्या पट्टीतली बासरी किंवा व्हायोलिन तिथेच गर्दी करतं. आवाज कमी करत गेलं तर संगीत नुसतं कुरकुरत राहतं. त्यापेक्षा संवादाखाली खर्जातलं वाद्य घ्यावं किंवा वाक्य संपेपर्यंत थांबावं. मोबाइलच्या स्पीकरला मात्र खोल खर्ज झेपत नाही. म्हणून मिश्रण दोन्हीकडे ऐकावं, थिएटरसारख्या मोठ्या स्पीकरवर आणि खिशातल्या फोनवर. लय जुळवताना एक हिशेब कामी येतो: सेकंदाला चोवीस चौकटींच्या फिल्ममध्ये मिनिटाला १२० ठोक्यांची लय असेल तर दर बारा चौकटींना एक ठोका पडतो. प्रत्येक काप ठोक्यावर बसवला की जाहिरात होते. एखादाच बसवला की लक्ष जातं.

जागा शोधायची एक साधी पद्धत सांगता येईल. संगीत न लावलेली फिल्म ज्याला गोष्ट ठाऊक नाही अशा माणसाला दाखवा आणि पडद्याकडे न पाहता त्याच्याकडे पाहा. तो कुठे पुढे सरकून बसतो, तिथे काही घालू नका. कुठे त्याला कळत नाही, पण कळायला हवं, तिथे आधी संकलन तपासा. कुठे त्याला सगळं कळलंय आणि तरी दृश्याला अजून काही म्हणायचंय असं तुम्हाला ठामपणे वाटतं, ती जागा सुराची. तिची वेळ लिहा, आणि पुढे एका वाक्यात काम लिहा: 'आजोबा गेले नाहीत याचं आपल्याला बरं वाटावं.' वादकाला द्यायचं ते हे वाक्य; 'काहीतरी इमोशनल' ऐकून कुणालाच काही वाजवता येत नाही. अशा तीन-चार जागा निघाल्या तर पुष्कळ झालं. एकही निघाली नाही, तर महोत्सवाच्या अर्जातला संगीतकाराचा रकाना रिकामा ठेवून फिल्म बिनदिक्कत पाठवावी.